आगोटीचा वाटा

“आपल्या आजोबा-पणजोबांनी गावातल्या छोट्या विक्रेत्यांकडून खरेदी केली, कारण त्यांना दुसरा पर्यायच नव्हता. डोळसपणे निवड करणारी आपली ही पहिलीच पिढी आहे.”

हे वाक्य माझ्या पुतण्याचे, अविनाशचे. पालघरला एका सभागृहात ‘आपल्या गावातूनच घ्या’ असा फलक लावून त्याने आणि त्याच्या मित्रांनी सभा भरवली होती. हेतू उत्तम होता. घरोघरी येणाऱ्या खोक्यांपायी कोपऱ्यावरचा वाणी, शिंपी, पिठाची गिरणी, टोपली घेऊन बसणारी बाई ही माणसे दिसेनाशी होतील, तेव्हा रोजच्या खरेदीत त्यांची आठवण ठेवा, असे सांगणारी पोरे मला वाईट कशी वाटतील? मी दुसऱ्या रांगेत बसून मान डोलावत होतो. मग हे वाक्य आले, टाळ्या पडल्या, आणि माझी मान थांबली.

सभा संपल्यावर मी त्याला गाठले. तो हसून म्हणाला, “काका, तुमच्या पिढीवर टीका नाही केली. तुम्ही बिचारे करणार तरी काय होता?”

शिवी मी सहन केली असती. बिचारे म्हणून घेणे मला सहन होत नाही. वयाची ऐंशी ओलांडल्यावर माणसाकडे फारसे काही उरत नाही. जे आपण स्वतःच्या मर्जीने केले तेवढेच उरते. ते केवळ नाइलाजाने घडले असे कोणी टाळ्यांच्या गजरात ठरवून टाकीत असेल, तर त्याला उत्तर दिलेच पाहिजे. म्हणून हा लेख.

आणि नेमके आगोटीचे दिवस आहेत.

आगोट म्हणजे काय, हे आमच्या किनारपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पाऊस लागण्यापूर्वीच्या महिन्या-दीड महिन्याला आम्ही आगोट म्हणतो, आणि त्या काळात पावसाळ्यासाठी घरात जे साठवायचे त्यालाही आगोटच म्हणतो. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या की समुद्र बंद; मग चार महिने सुक्या मासळीवर काढायचे. त्या दिवसांत आमच्या गावच्या, बोईसरच्या, हवेला एक विशिष्ट जडपणा येई. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की त्याच्यातून खारट, उन्हात भाजलेला, किंचित गोडसर वास यायचा. नवख्या माणसाला तो दुर्गंध वाटे. आम्हाला त्या वासाने घर भरल्यासारखे वाटे. मनोरच्या बाजूने लाकडांच्या मोळ्या आणि बांबूची इरली येत, पालघरजवळच्या माहीमच्या वाड्यांतून नारळ येत, अंगणात पापड वाळत, छपरावर कौले चाळणारा माणूस वरूनच ओरडून पाणी मागे. हे सारे एका वासाखाली चाले. तो वास वाळत्या बोंबलांचा होता.

आज माझ्या चौथ्या मजल्यावरच्या सज्जात पश्चिमेचा वारा येतो. तो तसाच जड आहे. पण त्यात काहीच नसते. काल सूनबाईंनी मागवलेली सुक्या बोंबलांची पिशवी आली. प्लास्टिक चारी बाजूंनी इतके घट्ट चिकटवलेले की नाक लावले तरी आत काय आहे ते कळू नये. आणणाऱ्या मुलाने दार उघडताच माझे नाव विचारले. त्याचा दोष नाही. पण ज्या बोंबलांसोबत माझे नाव विचारले जाते, ते बोंबील खाताना मला आपण पाहुणे म्हणून जेवतो आहोत असे वाटत राहते.

काशीबायने माझे नाव कधी विचारले नाही. मी जन्मलो तेव्हा ते तिने आईकडून ऐकले होते.

काशीबाय किनाऱ्यावरच्या नवापूरची मासळीवाली. उंच, काळी, चालताना डोक्यावरच्या पाटीला हात न लावणारी. नवऱ्याची होडी होती. पकडून आणणे त्याचे, वाळवणे आणि विकणे हिचे. किनाऱ्यावर बांबू रोवून, त्यांना आडव्या दोऱ्या ताणून तिने वलांडी घातलेली असे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकून द्यायची. ऊन आणि वारा मिळून ते पारदर्शक झाल्यासारखे वाटू लागत आणि वाऱ्यावर त्यांचा कोरडा, सळसळता आवाज येई. पिंपळाच्या पानांखाली मी पुढे अनेकदा उभा राहिलो आहे. तो आवाज पुष्कळसा जवळ जातो, पण पुरता नाही.

आता जो रिवाज सांगतो आहे, तो अविनाशच्या पिढीने कान देऊन ऐकावा. काशीबायकडे आगोट भरणाऱ्या प्रत्येक घराचा वाटा ती कोणी न सांगता बाजूला काढी. एकेका घरासाठी बांबूचा एकेक करंडा. तो चुलीवरच्या माळ्याला टांगायचा, म्हणजे धूर लागून कीड पडत नसे. कोणता करंडा कोणाचा हे कळावे म्हणून त्या घरच्या बाईने आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून तिला दिलेला असे. तो काठ करंड्याला बांधायचा. आगोट उचलायला घरच्या माणसाने स्वतः जायचे, तिच्या ओटीवर बसून चहा घ्यायचा, करंडा उतरवून आणायचा, आणि पावसाळा सरला की रिकामा करंडा काठासह परत पोचवायचा. काठ विरला की आई नवा फाडून देई. आमचा काठ हिरव्या लुगड्याचा, रुईफुलांचा. मी पहिल्यांदा तिच्या घरात वर पाहिले तेव्हा बोईसरमधल्या साऱ्या ओळखीच्या बायका धुराने काळवंडलेल्या त्या माळ्यावर दाटीवाटीने बसल्या आहेत असा मला भास झाला होता.

आणि ज्याला तिच्याकडून घेणे बंद करायचे असेल? त्यालाही वाट होती. ज्या घराने काठ बांधला, त्या घराने येऊन तो सोडवून न्यायचा. बस. भांडण नाही, हिशेब नाही.

तेव्हा पर्यायाचे बोलू.

साठचे दशक अर्ध्यावर आले होते. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचे बांधकाम सुरू झाले आणि बोईसर स्टेशनाचे रूप पालटले. ज्या धक्क्यावर फक्त मुंबईच्या तबेल्यांसाठी गवताच्या गासड्या चढत, तिथे लोखंड आणि सिमेंट उतरू लागले. रस्त्याला ट्रक लागले. पंजाब-बिहारकडचे कामगार, साताऱ्या-नगरकडची कुटुंबे, टोप्या घातलेले साहेब, सगळी माणसे एकदम आली, आणि त्यांच्यामागून माल आला. माझे वडील रामभाऊ, ज्यांना आम्ही घरची मुले नाना म्हणत असू, गवताच्या वखारीत कारकून होते. त्यांनी ती नोकरी सोडली आणि स्टेशनाजवळ दुकान काढले. साधे दुकान नव्हे. काचेची कपाटे, वर विजेची नळी, आणि पाटीवर ‘स्टोअर’ हा शब्द. मी मॅट्रिक होऊन त्यांच्याबरोबर गल्ल्यामागे उभा होतो. आतून पाहिलेल्या माणसाला बाहेरच्यांनी शिकवू नये.

नानांनी ठरवले की आगोटीच्या हंगामात गावाला दुकानात ओढायचे. त्यासाठी त्यांनी सौराष्ट्रातून रेल्वेने सुक्या बोंबलांची पोती मागवली. आमच्या किनाऱ्यावरच्यापेक्षा स्वस्त, घरापासून चार पावलांवर, आणि हवे तेव्हा. पर्याय, अविनाश, याहून मोठा कसा असतो?

दुकान उघडल्याच्या दिवशी काशीबाय आली. पाटी बाहेर ठेवली, पाय झटकले आणि आत शिरून तिने एकदा विजेच्या नळीकडे पाहिले.

“रामभाऊ, दुकान लय झकास काढला हाय. दिवसाचाबी चांदणा पाडला!”

“ये, काशीबाय, ये. साबण घेतेस का?”

“साबनानं आमचा वास जायचा नाय, वासानं तुमचा गिऱ्हाईक मात्र जायचा.” ती हसली. मग तिची नजर पोत्यांकडे गेली. तिने एक बोंबील उचलला, वाकवला, नाकाशी नेला. नाना गल्ल्यावर बोटे वाजवीत होते.

“बोंबील बरा हाय,” ती म्हणाली. “खोटा कशाला बोलू? चांगला सुकवला हाय. पन याला कोनाचा घर ठावं नाय.”

“बोंबलाला घर कशाला कळायला हवं? खाणाऱ्याला कळलं म्हणजे झालं.”

“बरोबर हाय. मंग वयनींचा काठ सोडू?”

नानांनी इकडेतिकडे पाहिले. दुकानात माणसे होती. “सोड की,” ते म्हणाले. “दे पाठवून.”

“असा पाठवीत नाय आमी. ज्यानं बांधला त्यानं यावा. च्या प्यावा, काठ घ्यावा, जावा. मी काय तुमाला धरून ठेवतंय?” तिने पाटी उचलली. पायरीवरून मागे वळून पाहिले नाही. पण तिच्या मानेत नेहमीचा ताठपणा नव्हता, हे मी पाहिले. तिच्या माळ्यावर जेवढे काठ होते, तेवढेच तिचे पावसाळ्याचे चार महिने होते. नवरा समुद्रावर जाऊ शकत नसे त्या काळात तिच्या घरची चूल त्या करंड्यांच्या बदल्यात आलेल्या भातावर पेटे. आणि बोईसरमधले पहिले घर जर आमचेच सुटले, तर बाकीच्यांना सुटायला कारण मिळणार होते.

त्या आठवड्यात दुकानात झुंबड उडाली. लोकांनी साबण घेतले, बॅटरीचे सेल घेतले, बिस्किटे घेतली. आमचे गाव नव्याला भिणारे होते, हीसुद्धा एक दंतकथाच. मात्र बोंबलांची पोती होती तशी राहिली. आमच्या शेजारच्या भीमामामी रोज येत, पोत्यात हात घालून पाहत आणि चहाची पुडी घेऊन निघत.

एकदा नानांनी त्यांना अडवलेच. “मामी, बोंबील का नाही घेत? तिच्यापेक्षा स्वस्त देतो.”

“देतोस रं, ठाऊक हाय मला. पन माझा काठ हाय तिकडं.”

“मग सोडवून आणा.”

“आनला असता. पन गेला का ती च्या करील.”

“म्हणून काय झालं?”

“तुला नाय समजायचा, रामा. काठ सोडवायला जायचा आनि तिचाच च्या प्यायचा? ह्या तोंडानं?”

दुकानातली माणसे हसली. नानाही हसले, पण उशिरा.

अविनाशला हा प्रसंग मी सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे भिडेखातर, काका. ही निवड नव्हे, संकोच आहे.” शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीसाठी दुसरा शब्द सापडतो. मी त्याला विचारतो: भीड कोणाची वाटते? जिचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे तिची. प्लास्टिकच्या पिशवीची कोणाला भीड वाटली आहे? भीमामामींपुढे दोन वाटा होत्या. एक स्वस्त आणि जवळची, दुसरी चेहऱ्याची. त्यांनी दुसरी धरली आणि त्यापायी थोडे अधिक भात मोजले. याला निवड म्हणायचे नसेल, तर त्या शब्दाचा उपयोग तरी काय?

घरी मात्र वेगळेच चालले होते. दुकानदाराच्या घरचा काठ दुसरीच्या माळ्यावर लोंबतो, हे नानांना सलत होते. एका सकाळी त्यांनी आईला सांगितले, “नवापूरला जाऊन तो काठ घेऊन ये.”

आई तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “मी नाही जाणार.”

“लोक काय म्हणतील? याच्या दुकानात पोती आणि याच्या घरात तिचे बोंबील?”

“म्हणतील, याला चव कळते.”

“थट्टा नको. धंदा आहे हा.”

“धंदा तिचाही आहे. तुम्ही दुकान काढलंत, मी काही बोलले नाही. मला अभिमानच आहे त्याचा. पण लुगडं माझं, काठ माझा, आणि बांधून मी आले. तुम्हाला सोडवायचा असेल तर तुम्ही जा. तिच्या ओटीवर बसा, चहा प्या आणि सोडवून आणा.”

नानांनी टोपी घातली, सायकल काढली आणि ते नवापूरच्या रस्त्याला लागले. आई सूप खाली ठेवून दारात आली होती. त्यांच्यामागे उडालेली धूळ बसेपर्यंत ती तिथेच उभी राहिली आणि मग आत येऊन पाखडलेलेच तांदूळ तिने पुन्हा पाखडायला घेतले.

इथे दुसऱ्या एका आवृत्तीचाही समाचार घेतो. दुकानाच्या जुन्या शेजाऱ्यांपैकी काहीजण आजही ठासून सांगतात की नानांचा माल वाईट निघाला, म्हणून लोक काशीबायकडे राहिले. ही आवृत्ती कुठून आली ते मला पक्के ठाऊक आहे. पोती खपेनात, तेव्हा आम्ही ती मागच्या गोदामात हलवली. आणि तिथे चहाची खोकी होती. सुकी मासळी आणि चहा एका खोलीत ठेवू नये, हे गवताच्या वखारीत आयुष्य घालवलेल्या माणसाला कोण सांगणार? हवेत दमटपणा चढला आणि एके दिवशी प्रकल्पावरचा एक बिहारी कामगार चहाची पुडी नाचवीत दुकानात आला. “सेठजी, ये चाय है कि समंदर? उबालो तो मछली तैरती है!” ही गोष्ट स्टेशनापासून तारापूरच्या नाक्यापर्यंत पसरली. लोक वर्षभर नानांना ‘समंदर चाय’ मागत राहिले. नाना चिडत, पण चहाची दुसरी खोकी मागवली आणि तो धंदा पुढे उत्तम चालला. बोंबील त्यांनी पुन्हा कधी ठेवले नाहीत.

गोष्ट गमतीची आहे, खरीही आहे. पण ती नंतरची आहे. लोकांनी बोंबील नाकारले ते चहाला वास लागण्याच्या पुष्कळ आधी, माल चांगला असताना. तो चांगला असल्याचा निर्वाळा प्रत्यक्ष काशीबायने आमच्या दुकानात उभे राहून दिला होता. प्रतिस्पर्ध्याच्या मालाला बरे म्हणणारी तिच्याएवढी खरी बाई मी व्यापारात दुसरी पाहिली नाही.

काशीबाय आता नाही. गुडघे थकल्यावर पाटी सुटली, तरी वलांडीखाली बसून ती बोंबलांच्या जोड्या लावीतच राहिली. शेवटचा मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिचे डोळे गेले होते. माझ्या पावलांवरून म्हणाली, “रामभाऊंचा पोर ना? वर बघ, तुमचा करंडा हाय का?” वर काही नव्हते. माळा रिकामा होता, धुराचा काळा रंग तेवढा उरला होता. मी म्हणालो, “हाय, काशीबाय.” तिने मान हलवली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितले.

मला कशाची ओढ लागते, असे कोणी विचारले तर मी बोंबील म्हणणार नाही. चव जिभेवरून गेली, त्याला वय कारण आहे. मला ओढ लागते ती त्या माळ्याची. आपण घरी आपल्या कामात असताना, चार-पाच मैलांवर कोणाच्या तरी चुलीवर आपला वाटा टांगलेला आहे. त्याला आपल्या आईच्या लुगड्याचा काठ बांधलेला आहे. आणि आपण गेलो नाही तर ‘का आला नाही’ असा प्रश्न एका माणसाला पडणार आहे. गिऱ्हाईक असणे म्हणजे कोणाच्या तरी वाट पाहण्यात असणे, एवढेच मी त्या हंगामात शिकलो. आज मला दहा ठिकाणांहून माल मिळतो आणि दहाही ठिकाणी मी गेलो नाही तर कोणाचेही लक्ष जाणार नाही. संध्याकाळी स्टेशन रोडवर टोपली घेऊन बसणाऱ्या एका बाईकडे मी हल्ली मुद्दाम जातो. ती माहीमची आहे. दोन-तीन वेळा गेल्यावर परवा म्हणाली, “बाबा, काल आलाव नाय?” मी उत्तर न देता तिथेच उभा राहिलो. तिला वाटले, मला ऐकू येत नाही.

तेव्हा अविनाश, तुमचा फलक लावा, सभा भरवा. मी दुसऱ्या रांगेत येऊन बसेन. फक्त ते वाक्य काढून टाका. तुम्ही पहिले नाही. आम्हाला पर्याय होता, तो काचेच्या कपाटात, विजेच्या उजेडात, स्वस्तात मांडलेला होता; आणि तो मांडणारा माझा बाप होता. एवढ्यानेही तुमचे समाधान होत नसेल, तर उरलेली गोष्ट सांगतो, आणि मग थांबतो.

त्या सकाळी काठ सोडवायला गेलेले नाना दुपारी परतले. सायकल अंगणात लावली, मागच्या कॅरिअरवरचे गोणपाट काढले आणि आईच्या पुढ्यात भरलेला करंडा ठेवला. त्यांच्या दुकानात त्या दिवशीही बोंबलांची पोती भरलेलीच उभी होती. आणि करंड्याला आमचा हिरवा, रुईफुलांचा काठ काशीबायच्या गाठीने जसाच्या तसा बांधलेला होता.